हिरव्या अक्षरांचा अधिकार

साहेब चूक पुसत नसत, खोडत असत. त्यांच्या लेखी हा फरक चोर आणि माणूस यांच्यातला होता.

कीबोर्डवर मागं मागं जाऊन अक्षरं खाणारी एक कळ असते, हे त्यांना पहिल्या दिवशी मीच दाखवलं. त्यांनी ती एकदा दाबली, पडद्यावरचं अक्षर नाहीसं झालेलं पाहिलं आणि नकळत वरच्या खिशातलं पेन चाचपलं. पुन्हा त्या कळीला त्यांनी बोट लावलं नाही. शब्द चुकला की ते त्याच्यावर माऊस ओढत, आडवी रेघ मारणारं बटण शोधत, पुढे बरोबर शब्द लिहीत आणि शेजारी आपली आद्याक्षरं टाकत. त्यामुळे त्यांच्या ई-मेली लढाईवरून परतलेल्या सैनिकांसारख्या दिसत. रिसेप्शनवरच्या मुलीला त्यांनी वाढदिवसाच्या शुभेच्छा पाठवल्या, त्यात आधी लग्नाच्या वाढदिवसाच्या शुभेच्छा होत्या, त्या खोडलेल्या, आणि शेजारी रीतसर सही. मुलीचं लग्न झालेलं नव्हतं. तिनं ती मेल सगळ्या ऑफिसला दाखवली. साहेबांना त्यात हसण्यासारखं काय आहे ते समजेना.

"खोडलेलं वाचता आलं पाहिजे, मॅडम," ते मला म्हणाले. "नाहीतर चुकलं कोण, हे कळणार कसं?"

गुरुग्राम तेव्हा गुडगाव होतं. काचेच्या इमारती उगवू लागल्या होत्या, पण दोन इमारतींच्या मध्ये अजून मोहरीची शेतं होती आणि आमच्या दारात रिसेप्शनच्या आधी म्हशी भेटत. वीज वारंवार जायची. जनरेटर धडधडायला लागेपर्यंत देशाची प्रगती थांबून राहायची. आमची कंपनी सरकारी कचेऱ्यांसाठी ई-मेलचा एक प्रोग्राम बनवत होती. मालक अमेरिकेत काही वर्षं काढून परतले होते. बिनकागदी सरकार हे त्यांचं स्वप्न होतं, आणि कागदाचा उल्लेख ते असा करत, जणू त्याचा शोध त्यांच्या सख्ख्या भाऊबंदांनी जमिनीच्या वादातून लावला होता.

मी दिल्लीला आले होते सनदी सेवेची परीक्षा द्यायला. मी माझ्याकडून ती दिली. तिनं तिच्याकडून काही दिलं नाही. मग या कंपनीत 'हेल्प' लिहायला लागले. अडलेल्या माणसानं एक कळ दाबली की जी पानं उघडतात, आणि जी वाचून तो शेवटी शेजारच्यालाच विचारतो, ती पानं लिहिण्याचा मला पगार होता.

साहेबांना मालकांनीच आणलं. ते एका मंत्रालयातून उपसचिव म्हणून निवृत्त झालेले. मूळचे अमरावतीकडचे, पण सगळी नोकरी दिल्लीत गेलेली. आर. के. पुरममधलं सरकारी क्वार्टर सुटल्यावर त्यांनी लागूनच मुनिरक्यात फ्लॅट घेतला, कारण म्हणे भाजीवाला बदलायला नको. सरकारला प्रोग्राम विकायचा तर सरकार कसं विचार करतं हे सांगणारं कुणीतरी हवं, म्हणून त्यांना सल्लागार हा हुद्दा मिळाला. सल्ला विचारायची सोय मात्र हुद्द्यात नव्हती.

पहिल्या दिवशी त्यांनी पिशवीतून पांढराशुभ्र टॉवेल काढला आणि फिरत्या खुर्चीच्या पाठीवर नीट चारी कोपरे जुळवून पसरला. दिल्लीतल्या कुठल्याही सरकारी खोलीत अधिकाऱ्याची खुर्ची अशीच ओळखू येते. आमच्याकडची पोरं चोवीस-पंचवीसची, त्यांना हे ठाऊक नव्हतं. एकानं विचारलं, "सर, नहाने जा रहे हैं?" साहेबांनी शांतपणे सांगितलं की नाहूनच आलो आहे, आपणही येत जा. त्यानंतर टॉवेलबद्दल कुणी बोललं नाही.

ऑफिसच्या वेळात ते मला "मॅडम" म्हणत आणि "आपण" म्हणत. सहा वाजून गेले, आम्ही धौला कुआँकडे जाणाऱ्या चार्टर्ड बसमध्ये बसलो, की मी "अगं" व्हायचे. एकदा सहा वाजायच्या आधीच त्यांच्या तोंडून "अगं, ती फाईल" निघून गेलं. ते थबकले. त्यांच्या चेहऱ्यावरून मला कळलं की ते आडव्या रेघेचं बटण शोधताहेत. "बोलण्याची हीच पंचाईत आहे," बसमध्ये ते म्हणाले, "खोडता येत नाही."

मजकूर सजवायची हौस तेव्हा नवीन होती. आमच्याच प्रोग्राममध्ये रंगांची पेटी होती, ढगांची आणि फुलांची पार्श्वभूमी होती, आणि पोरं दिवाळीतल्या आकाशकंदिलासारख्या मेली पाठवत. एकानं आजोबा वारल्याची रजा नाचऱ्या फुलपाखरांवर मागितली, कारण फुलपाखरं घालवायची कशी हे त्याला माहीत नव्हतं. (हेल्पमध्ये होतं.) साहेबांची या सगळ्याबद्दल पक्की मतं होती. ठळक अक्षर म्हणजे आवाज चढवणं. अधोरेखा ओढणाऱ्याला आपलं म्हणणं लंगडं आहे हे आधीच ठाऊक असतं. तिरक्या अक्षरावर त्यांचा विश्वासच नव्हता, ते त्यांना वकिली वाटे. आणि रंगाबद्दल ते म्हणत, "रंग म्हणजे अधिकार. बाकी सगळी रांगोळी."

त्याला कारण होतं. सरकारी फायलीत सगळे निळ्या नाहीतर काळ्या शाईत लिहितात. हिरवी शाई वरच्यांची, म्हणजे सहसचिवांची आणि त्यांच्याही वरच्यांची. फायलीत हिरवं दिसलं की खालच्यांनी वाद थांबवायचा आणि कामाला लागायचं. तिथं रंगच आधी वाचतात. मजकूर वेळ मिळाला तर.

आमचे मालक मात्र सगळंच हिरव्यात लिहीत, कारण कंपनीच्या चिन्हाचा रंग तो होता. त्यांची पहिली हिरवी मेल आली तेव्हा मी साहेबांच्या शेजारीच बसले होते. फ्रिजमध्ये उघडे डबे ठेवू नयेत, एवढाच तिचा आशय होता. साहेब ती उभं राहून वाचत होते.

मी त्यांना म्हटलं, "साहेब, इथं कुणीही हिरवं लिहू शकतं. तुम्हीही लिहा की." मी पेटी उघडून दाखवली. त्यांनी हिरव्या चौकोनाकडे बराच वेळ पाहिलं आणि पेटी बंद केली. "मला मिळालेली नाही," ते म्हणाले.

म्हणजे काय, हे मला पुढे पानिपतला कळलं. दिल्लीतली मराठी मंडळी जानेवारीत बस करून तिथल्या लढाईच्या स्मारकाला, काला अंबला जातात, तसे आम्ही गेलो होतो. सहलीचं परिपत्रक साहेबांनी काढलं होतं, परिच्छेदांना क्रमांक घालून. चौथ्या परिच्छेदात तिळगूळ होता. स्मारकापाशी लोक हात जोडत होते, फोटो काढत होते. साहेब माहितीचा फलक वाचत होते आणि त्यातल्या मोठ्या अक्षरांना नाक मुरडत होते. नंतर उन्हात डबे उघडून बसलो असताना मी विचारलं, तेव्हा त्यांनी सांगितलं की सहसचिवांच्या यादीत त्यांचं नाव होतं. यादीवर शेवटची सही व्हायची होती.

"मग?"

"सही झाली. पण तोवर माझा निरोपाचा चहा झाला होता."

काकू, म्हणजे त्यांच्या पत्नी, शेजारीच पोळ्या वाढत होत्या. त्या म्हणाल्या, "हिरव्या शाईची बाटली आणून ठेवली होती हो यांनी. मी ती मुलाच्या कॉलेजच्या चित्रांना देऊन टाकली." साहेब म्हणाले, "चांगलं केलंस." आणि लोणचं मागून घेतलं.

हे सगळं माहीत असल्यामुळे, पुढे जे झालं त्याची गंमत मला पुरेशी वाटली नाही. एके सकाळी त्यांनी मला हाक मारली. ते खुर्चीत ताठ बसले होते, दोन्ही हात कीबोर्डपासून दूर, तापलेल्या तव्यावरून उचलावेत तसे. मालकांनी मेल पाठवून सगळ्यांना आपली मतं खाली लिहायला सांगितलं होतं. साहेबांनी मालकांच्या मजकुराखाली टिचकी मारली, लिहायला सुरुवात केली, आणि त्यांची अक्षरं हिरवी उमटली.

"मी काही केलेलं नाही, मॅडम. आपण साक्षीदार आहात."

मी आमच्या मुख्य प्रोग्रामरला, सौगतला, बोलावलं. कोलकात्याचा हुशार मुलगा, डोळ्यांवर केस. त्यानं एक नजर टाकली आणि म्हणाला, "सर, ये फीचर है. कर्सर ऊपर वाले का स्टाइल उठा लेता है."

"बेटा," साहेब म्हणाले, "ऊपर वाले का स्टाइल उठाने में सरकार में पूरी नौकरी लग जाती है."

सौगत मनापासून हसला, पण बदल करायला तयार झाला नाही. जगातले सगळे प्रोग्राम असंच करतात, असं त्याचं म्हणणं. शिवाय जुना मजकूर वेगळा दाखवणारी डावीकडची खूण आणि मधली रेघ त्यानं स्वतःच काढून टाकली होती, कारण ती त्याला जुनाट वाटायची. पान कसं स्वच्छ दिसलं पाहिजे. साहेबांनी मालकांना टिपण लिहिलं: उत्तर लिहिणाऱ्याचा मजकूर त्याच्या स्वतःच्या रंगात सुरू व्हावा, मूळ मजकुराला हात लावता येऊ नये, आणि दोहोंच्या मध्ये रेघ असावी. मालकांनी हिरव्यात उत्तर दिलं, 'नोंद घेतली, पुढच्या आवृत्तीत पाहू.' साहेब ते वाचून जवळजवळ खूश झाले. आपण अजून सरकारातच आहोत, असं त्यांना बऱ्याच दिवसांनी वाटलं असावं.

पुढची आवृत्ती यायच्या आत प्रोग्राम एका सरकारी खात्यात चाचणीसाठी बसला. खात्याचं नाव सांगण्यात अर्थ नाही. बिनकागदी सरकारचा तिथला अनुभव असा की मेल आली की तिची प्रिंट काढून फायलीत लावत. आधी काळा-पांढरा प्रिंटर होता, पण त्यात वरिष्ठांचा हिरवा रंग करडा येतो, म्हणून खास रंगीत प्रिंटर घेतला गेला. मालक म्हणाले, सवयी बदलायला वेळ लागतो. साहेब म्हणाले, प्रिंटर चांगला निवडलाय.

त्या खात्याकडे आर. के. पुरममधली काही क्वार्टर्स होती. त्यांचं वाटप पाहणाऱ्या सहसचिव मॅडमनी एक मेल पाठवली: या लोकांना क्वार्टर द्यावं, कुणाला काही म्हणायचं असल्यास खाली लिहावं. अर्थात हिरव्यात. तिथंच मिसेस बिष्ट नावाच्या एक क्लार्क होत्या. मूळ गढवालच्या, राहायला यमुनेपलीकडे, दोन मुलं, रोज दोन बस बदलून येणं. क्वार्टरसाठी त्यांचा अर्ज कधीचा पडून होता. काही म्हणायचं असल्यास खाली लिहावं, असं वाचून त्यांनी खाली लिहिलं. माझंही नाव आहे, मुलांची शाळा त्याच सेक्टरात आहे, आणि तळमजला मिळाला तर सासूबाईंच्या गुडघ्यांना बरं पडेल. शेवटी आपलं नाव घातलं.

पान स्वच्छ होतं. मध्ये रेघ नव्हती. वरपासून खालपर्यंत सगळं हिरवं होतं.

वाटप करणाऱ्या शाखेनं प्रिंट पाहिली आणि मिसेस बिष्टना तळमजल्याचं क्वार्टर देऊन टाकलं. पुढे झालेल्या चौकशीत शाखेच्या प्रमुखाला विचारलं की, सहसचिव मॅडमचं लग्न झालेलं नाही हे तुम्हाला ठाऊक आहे, मग या सासूबाई कोण, असा प्रश्न पडला नाही का? तो म्हणाला, पडला होता. पण हिरव्या शाईतल्या सासूबाईंची चौकशी कोण करणार?

इथपर्यंत दिल्लीभर हसू पसरलं असतं तर मलाही चाललं असतं. पण यादीत ज्याचा हक्काचा नंबर होता त्यानं तक्रार केली, आणि मिसेस बिष्टवर आरोप ठेवला गेला की त्यांनी वरिष्ठांच्या रंगाचा गैरवापर करून स्वतःच्या नावानं हुकूम काढला. म्हणजे बनावट दस्तऐवज. त्यात नोकरी जाते, पेन्शन जातं, आणि नाव जातं ते वेगळंच. खात्यानं आमच्या कंपनीला बोलावलं. यंत्र आपोआप असं करतं का, एवढाच प्रश्न होता.

मालकांनी गाडीतच उत्तर ठरवलं. यंत्र असं करतं म्हटलं तर चाचणी संपली, कंत्राट गेलं, आणि कंत्राटाच्या भरवशावर घेतलेली ती काचेची जागाही गेली. तेव्हा म्हणायचं की रंग वापरणारा निवडतो, प्रशिक्षण कमी पडलं. हे खोटंही नव्हतं म्हणे. रंग निवडता येतोच. साहेबांना ते म्हणाले, "सर, आप बस बैठिएगा. आपके रहने से माहौल ठीक रहता है."

"बिल्कुल," साहेब म्हणाले.

मी हेल्पची पानं घेऊन गेले होते, पुरावा म्हणून. सहसचिव मॅडमची खोली मोठी होती. त्यांच्या खुर्चीवर टॉवेल होता. मिसेस बिष्ट भिंतीपाशी उभ्या होत्या, पर्स दोन्ही हातांनी पोटाशी धरून. त्यांना बसायला कुणी सांगितलं नव्हतं. मालकांनी आपलं म्हणणं छान मांडलं. त्यांना मांडणं फार सुरेख यायचं. वापरणाऱ्याचं स्वातंत्र्य, रंगांची निवड, बदलती कार्यसंस्कृती. मिसेस बिष्ट मधेच हळू म्हणाल्या, "मैंने रंग को हाथ नहीं लगाया, मैडम. मुझे तो ये भी नहीं पता कि वो बदलता कहाँ से है." ते कुणी ऐकल्यासारखं दिसलं नाही. भिंतीपाशी उभ्या असलेल्यांचं बोलणं त्या खोल्यांमध्ये टेबलापर्यंत पोचत नाही.

साहेब उठले. कोटाचं बटण लावलं आणि मॅडमना परवानगी विचारली. त्यांची एकच विनंती होती: मॅडमनी आपल्या यंत्रावरून त्यांना एक ओळ पाठवावी, कुठलीही. चाचणीसाठी ठेवलेलं दुसरं यंत्र कोपऱ्यात होतंच.

मालकांनी माझ्याकडे पाहिलं. मी हेल्पच्या पानांकडे पाहिलं.

मॅडमना बहुधा कुतूहल वाटलं. त्यांनी एक ओळ लिहून पाठवली. साहेब कोपऱ्यातल्या यंत्रापुढे बसले. ती हिरवी ओळ उघडली, तिच्याखाली टिचकी मारली, आणि दोन बोटांनी, एकेक अक्षर शोधत, स्वतःचं पूर्ण नाव लिहिलं. नाव, वडिलांचं नाव, आडनाव, आणि खाली उपसचिव, निवृत्त. त्याला वेळ लागला. खोलीत फक्त कळांचा आवाज होता. पडद्यावर सगळं हिरवं उमटत होतं, आणि मी मागं उभी होते म्हणून मला दिसलं की त्यांचं बोट दर अक्षराआधी थोडं अडतंय.

मग त्यांनी स्वतःच्या नावावर माऊस ओढला, आडव्या रेघेचं बटण दाबलं, आणि शेजारी आद्याक्षरं टाकली. तीही हिरवीच आली.

मॅडम उठून आल्या. पडदा पाहिला. "ये काट क्यों दिया आपने?"

"मेरे पास इसका अधिकार नहीं है, मैडम," साहेब म्हणाले. "इनके पास भी नहीं था. इन्होंने लिया नहीं, मशीन ने दिया."

मॅडम कीबोर्डकडे सरकल्या. त्यांनी स्वतः वाकून त्याच पानावर चार अक्षरं लिहून पाहिली, मग भिंतीकडे वळल्या आणि म्हणाल्या, "मिसेज़ बिष्ट, आप बैठिए."

मिसेस बिष्ट बसल्या. मग त्यांना रडू आलं. उभ्यानं ते त्यांनी कसं धरून ठेवलं होतं, कुणास ठाऊक.

परतताना गाडीनं हरियाणाची हद्द ओलांडली. मालक म्हणाले, तुम्ही कंपनी बुडवलीत. साहेब म्हणाले, शक्य आहे. दुसऱ्या दिवशी त्यांनी राजीनामा दिला, पाच क्रमांकित परिच्छेदांत, एका ठिकाणी खाडाखोड करून. मालकांनी तो उघडायच्या आत खात्यातून फोन आला. चाचणी थांबवली आहे, पण दुरुस्त करून आणणार असाल तर बघू. येताना नाव खोडणारे ते गृहस्थ बरोबर असू द्या. सौगतनं रविवारीही बसून काम केलं. मध्ये रेघ आली, जुना मजकूर कुलपात गेला, आणि उत्तर ज्याचं त्याच्या रंगात सुरू होऊ लागलं. मालकांनी माहितीपत्रक छापलं, त्यात हा सगळा त्यांना पहिल्यापासून सुचलेला विचार होता. ते पत्रक मीच लिहिलं. चांगल्या जाड कागदावर होतं.

मिसेस बिष्टचं तळमजल्याचं क्वार्टर अर्थातच रद्द झालं. पुढे त्यांना त्यांच्या पाळीनं दुसरं मिळालं, दुसऱ्या मजल्यावर. सासूबाई रोज देवळात जाताना आणि येताना प्रत्येक पायरीवर सरकारचा उद्धार करतात, असं त्यांनी एकदा सांगितलं. पण मला सांगायचं आहे ते त्या क्वार्टरच्या आधीचं.

नवी आवृत्ती बसवायला साहेब आणि मी गेलो होतो. चौकशी संपली होती आणि मिसेस बिष्ट त्यांच्या जागेवर परत होत्या. आम्ही त्यांच्या मागं खुर्च्या टाकून बसलो, काही अडलं तर सांगायला. काही अडत नव्हतं. एवढ्यात मॅडमची मेल आली. अमुक एका गृहस्थांची वरून शिफारस आहे, त्यांना तळमजल्याचं ते क्वार्टर पाळी सोडून द्यावं, असा तिचा मजकूर होता. तेच क्वार्टर.

मिसेस बिष्टनी ती दोनदा वाचली. त्यांनी खाली टिचकी मारली. कर्सर लुकलुकत राहिला. त्यांनी हात मांडीवर ठेवले आणि मागं न वळता विचारलं, "सर, रंग बदलेगा तो नहीं?"

"नहीं."

"पक्का?"

"आपका ही रहेगा."

मग त्यांनी लिहिलं. हळूहळू, काळ्या अक्षरात, रेघेच्या खाली. या गृहस्थांच्या आधी इतर लोक प्रतीक्षेत आहेत, नियमात पाळी सोडून देण्याची तरतूद नाही, मॅडमनी फेरविचार करावा. खाली आपलं नाव आणि हुद्दा. त्या प्रतीक्षेतल्या लोकांत आपणही आहोत हे त्यांनी लिहिलं नाही, ते सगळ्यांना माहीत होतं. एकदा वाचून पाहिलं. पाठवायचं बटण दाबलं. मला वाटलं, आता त्या श्वास सोडतील, आमच्याकडे वळून काही बोलतील. त्यांनी पुढची मेल उघडली. ती पंख्याच्या दुरुस्तीबद्दल होती.

आम्ही गाडीनं परत निघालो. धौला कुआँला नेहमीसारखी गाड्यांची रांग लागली होती. तिथं साहेब अचानक म्हणाले, "नोट चांगली होती."

काकूंनी मला एकदा सांगितलं होतं की एवढं कौतुक त्यांनी घरात कधी कुणाचं केलेलं नाही, मुलगा पहिला आला तेव्हाही. मी विचारलं, "पण साहेब, मॅडम ऐकतील?"

"ते मॅडमचं काम आहे," साहेब म्हणाले. घड्याळात सहा वाजायचे होते, पण त्यांनी तिकडे पाहिलं नाही. "अगं, न ऐकायचं असलं तरी आता त्यांना त्या नोटच्या खाली लिहावं लागेल."

दुसऱ्या दिवशी दुपारी मिसेस बिष्टचा फोन आला. मॅडमनी खाली लिहिलं होतं. हिरव्यात, एकच शब्द: सहमत.